आधी डबी, मग घड्याळ

"मॅडम, टाइम क्या हुआ?" कंपनीच्या गेटवर कुणीतरी विचारायचं. मी मनगट वर करायचे, त्याच्याकडे नीट बघायचे आणि सांगायचे, "मालूम नहीं." विचारणारा आधी माझ्याकडे बघायचा आणि मग मनगटाकडे. मनगटावर पितळेची गोल डबी, तिला चामड्याचा पट्टा, वर काच आणि काचेखाली कोरा पत्रा. काटे नाहीत, आकडे नाहीत. एक वेल्डर जाता जाता सोबत्याला म्हणाला, "पढ़ी-लिखी है, पर दिमाग से गई." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्याला तरी काय बोलणार? ज्या माणसाकडून मला घड्याळ हवं होतं, तो माणूस आधी महिनाभर रिकामी डबी घालायला लावायचा. दुसऱ्यांचं महिन्यात भागायचं. माझं भागेना.

तो माणूस म्हणजे काका. ते आमच्याच कंपनीत होते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतली रसायनांची कंपनी. मी तिथे लॅबमध्ये केमिस्ट आणि काका इन्स्ट्रुमेंट खात्यात. प्लांटमध्ये काटा हलवून काही सांगणारं जे जे होतं, ते सगळं त्यांच्या ताब्यात. प्रेशर गेजसमोरून जाताना ते काचेवर बोटाच्या पेराने टकटक करायचे, काटा कसा थरथरतो ते बघायचे आणि उभ्या उभ्या निकाल द्यायचे. "खरं बोलतंय." किंवा, "हा चोर हाय, उतरवा याला." गेज उघडलं की आत केसासारखी स्प्रिंग आणि इवलीशी दातेरी चाकं असतात, हे मला त्यांनीच दाखवलं. घड्याळाची गोडी त्यांना तिथेच लागली. सुरुवातीला ते लोकांची बंद पडलेली घड्याळं उघडायचे. मग जुन्या घड्याळांचं आतलं यंत्र घेऊन त्याला नवं घर, नवी तबकडी, नवे काटे करायला लागले आणि पुढे आतली चाकंसुद्धा स्वतः कापायला लागले. वर्षाकाठी एखादं घड्याळ व्हायचं. दुकान नाही, पाटी नाही. तबकडीवर स्वतःचं नावसुद्धा घालायचे नाहीत.

ते निवृत्त झाले तेव्हाचा समारंभ मी विसरणं शक्य नाही. कंपनीने शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक भलंमोठं सोनेरी घड्याळ दिलं. मोठ्या साहेबांनी "वेळेचं महत्त्व" यावर पंधरा मिनिटं जास्त भाषण केलं. मग काकांना दोन शब्द बोला म्हणाले. काकांनी माइक हातात घेतला नाही. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, भेट मिळालेलं घड्याळ स्टेजवरच्या टेबलावर पालथं घातलं आणि उघडलं. काकांनी आत बघितलं, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा बघितलं. मग माइकजवळ तोंड नेऊन एकच शब्द बोलले, "प्लास्टिक." आणि घड्याळ नीट बंद करून, साहेबांना नमस्कार करून खाली उतरले.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. मला हसू आवरत नव्हतं. ते म्हणाले, "मॅडम, हसू नका. हे ऐका." खिशातून रुमालात बांधलेलं एक घड्याळ काढून त्यांनी माझ्या कानाला लावलं. बॉयलरवरच्या एका ऑपरेटरसाठी केलेलं होतं, आदल्याच दिवशी पुरं झालेलं. आजूबाजूला समोसे, कपबशा, माणसांचा कलकलाट, आणि कानात ती बारीक, दमदार टिकटिक. मला ते हवं झालं. लहान मूल रस्त्यात बसकण मारतं तसं हवं झालं. माझ्या आयुष्यात सगळं कुठल्या ना कुठल्या बॅचमधलं. बॅच नंबर टाकणं हेच माझं काम. एका माणसाने माझ्यासाठी म्हणून बसून केलेलं असं माझ्याकडे काय होतं? आईने विणलेला एक स्वेटर. आणि बोईसरमध्ये स्वेटर घालायचा कधी?

मी तिथल्या तिथे म्हटलं, "काका, मला करून द्या. घाई आहे असं समजा."

"घाई असेल तं बाजारातून घ्या," ते म्हणाले आणि समोसा घ्यायला गेले.

मी तशी तापट आणि चिवट, दोन्ही. पुढच्याच रविवारी सरावलीच्या माझ्या घरून स्कूटी काढली आणि पाम गावात त्यांच्या घरी जाऊन थडकले. काका पडवीत टेबलाशी बसले होते. मला बघून उठले नाहीत, कारण उठता येत नव्हतं. काकींच्या जुन्या लुगड्याची त्यांनी झोळी केली होती. तिची एक कड टेबलाच्या काठाला ठोकलेली आणि दुसरी कड त्यांच्या कमरेला बांधलेली. हातातून काही सुटलं तर जमिनीवर न जाता झोळीत पडावं म्हणून ही सोय. घरात कुणी आलं, फोन वाजला, मांजर आलं, काही झालं तरी काका टेबलाला बांधलेले. काकी म्हणाल्या, "लगीन झालं तवा माजे पाय घरात अडकतील असं वाटलेलं. हितं बग कोन अडकलंय."

घरातलं मांजर पडवीत यायला बंदी होती. पंख्याला बंदी होती. घड्याळ उघडं असलं की बोलायलासुद्धा बंदी. काका हात वर करून म्हणायचे, "श्वास धर," आणि मी, एम. एस्सी. झालेली बाई, गाल फुगवून बसायचे. कंपनीतून सुटल्यावर त्यांनी मला मॅडम म्हणणं पहिल्या दिवशीच सोडलं. पोरी म्हणायचे, खूश असले की गो म्हणायचे. स्वतः मात्र घड्याळ कधी घालायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "सुतार कदी पलंग पाठीला बांदून फिरतो का?" त्यांना कुणी वेळ विचारली की उलट विचारायचे, "कशाला पायजे?" कारण पटलं तरच सांगायचे. पोस्टमनला ते कधी सांगत नसत. त्याचं कारण त्यांना कधीच पटायचं नाही.

खाऱ्या वाऱ्याशी त्यांचं हाडवैर होतं. पोलादाला गंज धरतो म्हणून बारीकसारीक भाग कागदाच्या पुडीत बांधून तांदळाच्या डब्यात ठेवायचे. तांदूळ ओल ओढून घेतो. पण कुठला तांदूळ कशासाठी हे काकींना सांगायला हवं की नको? एका रविवारी मी जेवायला होते. भात, बोंबलाचं कालवण. दुसऱ्याच घासाला माझ्या दाढेखाली कचकन काहीतरी आलं. काकांनी ताट बाजूला सारलं. "थांब. चावू नको. तुटला नाय ना?"

मी जीभ फिरवून म्हटलं, "नाही, दात ठीक आहे."

"दाताचं कोन विचारतंय? इस्क्रू."

तीन स्क्रू होते. एक माझ्या तोंडात मिळाला, दुसरा पातेल्याच्या तळाशी. तिसऱ्यासाठी काकांनी उरलेला सगळा भात परातीत पसरून भिंगातून शीत शीत तपासला. काकी शेजारी बसून शांतपणे जेवत होत्या. म्हणाल्या, "माज्या पानात नसेल. माजं नशीब तेवडं चांगलं नाय." तिसरा कधीच सापडला नाही. तो आमच्या तिघांपैकी कुणाच्या पोटात गेला, यावर अजून एकमत नाही.

पण त्या पडवीत मी बघायला शिकले, हे मान्य करायलाच हवं. त्यांनी मला एकदा एक चपटं चाक भिंगाखाली दिलं. वरची बाजू चकचकीत, कडा घासून तिरप्या केलेल्या, आणि पालथं केलं तर खालची बाजूही तशीच. हे चाक घड्याळात खोल आत, दुसऱ्या पत्र्याखाली बसणार होतं. मी विचारलं, "हे कोण बघणार आहे, काका?"

"पुडचा घड्याळजी."

"कुठला पुढचा?"

"मी मेल्यावर कोनतरी उगडेल ना कदी. त्याला काय वाटायला पायजे? हितं एक मानूस बसला होता." एवढं बोलून ते पुन्हा घासायला लागले. त्या दिवसापासून मी लॅबमध्ये बीकर धुतला तरी बुडाकडून धुते.

तर ती डबी. पहिल्या भेटीतच त्यांनी ती माझ्या हाताला बांधली. घड्याळ जेवढं वजनदार होणार तेवढी वजनदार, तेवढीच मोठी. "म्हयनाभर घाल, आन् परत घेऊन ये," एवढंच म्हणाले. कशासाठी ते सांगितलं नाही. त्यांना वाटायचं, सांगितलं की माणूस नाटक करतो. मी महिन्याने घेऊन गेले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि डबी उजेडात फिरवत राहिले. पितळेवर चरेच चरे. मग म्हणाले, "ह्यात तीन बाया हायत."

"म्हणजे?"

"ही एक, घालते. ही दुसरी, काडून खिशात टाकते, चाव्यांच्या जुडग्यात. आन् ही तिसरी भांडते. टेबलावर हात आपटते. कुटली तू?"

लॅबमध्ये हातमोजे घालताना मी डबी ॲप्रनच्या खिशात टाकायचे, ते खरं होतं. आणि परचेसवाल्याशी माझं त्या महिन्यात दोनदा वाजलं होतं, तेही खरं. ते म्हणाले, "अजून एक म्हयना." चरे घासून, डबी चमकवून पुन्हा माझ्या हातावर बांधली. दुसऱ्या महिन्याने भिंग लावलं आणि म्हणाले, "आता दोन." मला वाटलं, शाळेत कमी मार्क दिल्यासारखं चाललंय. मला आणखी राग आला. परत डबी बांधली.

तिसऱ्या महिन्यात मी शहाणपणा केला. डबी घरी नेली, मऊ फडक्यात गुंडाळली आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिली. महिना संपल्यावर ती पामला घेऊन गेले तेव्हा आरशासारखी होती. एक चरा नाही. मी मनात म्हणत होते, आता द्याल की नाही घड्याळ?

काकांनी भिंगसुद्धा लावलं नाही. मागचं झाकण उघडलं, बोट फिरवलं, नाकाशी नेलं. घामाचा डाग नाही, वास नाही. डबी टेबलावर ठेवली. "ह्यात एक पन बाई नाय," ते म्हणाले. "मी पंचवीस वर्सं खोटी गेजं उतरवली. तू मला खोटं गेज आनून दाखवतेस?" आवाज चढला नाही. त्यांनी झोळी कमरेची सोडली, उठले आणि आत निघून गेले. काम टाकून काका आत गेलेले मी पहिल्यांदाच बघितले. काकींनीही चहा विचारला नाही. परत येताना मी स्कूटीवर मोठमोठ्याने भांडत आले, एकटीच. चरे पडले तर नको, नाही पडले तर नको, मग हवं काय या म्हाताऱ्याला? दोन महिने मी पामचा रस्ता धरला नाही.

कळलं ते बोईसरच्या बाजारात. सुरमई घेत होते. कोळीण मासा कापत होती आणि तिच्या डाव्या मनगटावर एक घड्याळ होतं. तबकडीवर नाव नाही. मी बघतच राहिले. चावी द्यायची कळ नेहमीसारखी पंज्याकडे नव्हती, कोपराकडे होती. काच खोल बसवलेली, कड तिच्यापेक्षा उंच.

"मावशी, हे पामच्या काकांचं?"

"दादाचंच. तुला कसं ठाऊक?"

मी विचारलं, कळ अशी उलटीकडे का? तिने मासा दाबून धरलेला हात मला दाखवला. मनगट मागे दुमडलेलं होतं. "कळ हिकडं असती तं हातात घुसली असती. आन् टोपली उचलताना कड घासते, काच नाय घासत. दादाने डबीवरनं वळखलं."

"तुमच्या डबीवर चरे पडले होते?"

मावशी हसली. "चरे? डबी वळखू येत नवती. दादा काय खूश झाला. बोलला, वयनी, तुजा हात मला समजला."

मी सुरमईचे पैसे न देताच निघाले होते, तिने हाक मारून परत बोलावलं. माझी मलाच लाज वाटत होती. मी परीक्षा समजत होते. तो माणूस माप घेत होता. शिंपी छातीचं माप घेतो तेव्हा श्वास रोखून पोट आत घेणारी बाई कशी असते, तशी मी. आणि ती बाई निदान समोर उभी तरी असते. मी तर अंगच कपाटात ठेवून आले होते.

त्याच संध्याकाळी पामला गेले. काका टेबलाशी होते, बांधलेले. माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "काका, चुकलं." त्यांची कानस चालूच. मी उभीच. शेवटी काकींनी आतून डबी आणली आणि माझ्या हातात कोंबली. "घे. आन् आता कपाटात ठेवशील तं मी येऊन बगेन." काकांनी कानसीचा आवाज थोडा मोठा केला. तेवढ्यावरून मी ओळखलं की हरकत नाही.

या वेळी महिना कुणी सांगितला नाही, म्हणून मी घालतच राहिले. आठ महिने. लॅबमध्ये, बसमध्ये, लग्नात, झोपताना. हातमोज्यांखालीसुद्धा. लोकांनी विचारायचं तेवढं विचारलं. साहेब एकदा मीटिंगमध्ये म्हणाले, "तुमचं घड्याळ बंद पडलेलं दिसतंय." मी म्हटलं, "सर, अजून सुरूच झालेलं नाही." त्यांनी पुढचा मुद्दा घेतला.

नवव्या महिन्यात काकांचा निरोप आला. मी गेले. त्यांनी डबी उजेडात धरली, भिंग लावलं. त्यांचा हात थोडा हलत होता. मला वाटलं, डबी जड झाली असेल.

"एकच बाई हाय," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी डबी वळवली. "पन हे काय? खालच्या कडेला. रोज त्याच जागी. बारीक बारीक. लोखंड हाय."

मला आधी आठवेना. मग आठवलं. पालघरला आई राहते. त्या वर्षी ती महिनाभर हॉस्पिटलमध्ये होती. रोज संध्याकाळी कंपनीतून सुटले की मी तिच्या खाटेशी स्टुलावर बसायचे आणि लोखंडी कठड्यावरून हात आत टाकून तिचा हात धरायचे. ती झोपेपर्यंत. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. कंपनीत तर नाहीच. काकांना मी हे सांगायला गेले आणि मधेच मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन रडले. काकांची पंचाईत झाली. टेबलाला बांधलेले असल्यामुळे त्यांना पळताही येईना. शेवटी म्हणाले, "झोळीत रडू नको. चाकं हायत."

आई आता ठणठणीत आहे, फोनवर मला रोज झापते.

त्या दिवशी काका म्हणाले, "करतो. पन हे शेवटचं." आणि उजवा हात टेबलावर ठेवून मला दाखवला. बोटं थरथरत होती. मी डोळे मिटून उघडले तरी थरथरतच होती. डॉक्टर म्हणाले, आता हे वाढणार. म्हणजे माझं घड्याळ व्हायच्या आधी हात राहतो की जातो, एवढाच प्रश्न होता. मी घाई करा म्हणू शकत नव्हते आणि सावकाश करा असंही म्हणू शकत नव्हते. रविवारी जायचे आणि गप्प बसायचे. ते सकाळी काम करायचे, हात त्या मानाने शांत असायचा तेव्हा. दोन चाकांना तीन महिने लागले. घर, काटे झाले. कड खालच्या बाजूने गोल केली होती, कठड्याला लागेल तिथे.

तबकडी राहिली होती. जर्मन सिल्व्हरचा पत्रा, त्यावर आकडे मराठीत, हाताने कोरायचे. मी एका रविवारी गेले तर पडवीत वेगळंच चाललं होतं. झोळी सोडलेली. माझं घड्याळ पुरं झालेलं, पट्टा लावलेला, आणि काकांनी ते लहान ऐरणीवर ठेवलं होतं. हातात हातोडी.

"काय करताय?"

"हे जायचं नाय भायेर," ते म्हणाले. "बग."

मी बघितलं. बारापासून सहापर्यंतचे आकडे असे कोरलेले की बोट लावावंसं वाटावं. आणि सातपासून हात गेलेला. सात वाकडा. आठची शेपटी दुसरीकडेच. नऊ चाचपडत काढल्यासारखा. दहा आणि अकरा एकमेकांकडे झुकलेले.

"दुसरी तबकडी करीन म्हनालो तं आता एक पन धड येत नाय. चार पत्रे फुकट गेले. माज्या हातचं वाईट काम कुनाच्या हातावर बसायचं नाय. तुला बाजारातलं घेऊन देतो."

"माझं आहे ते."

"अजून नाय. मी दिलं नाय."

मला जे काय झालं ते झालं. मी म्हटलंच, मी तापट आहे. ऐरणीवरून घड्याळ उचललं, मनगटावर बांधलं, बक्कल आवळलं, आणि हात तसाच घड्याळासकट ऐरणीवर परत ठेवला. "मारा."

हातोडी वर होती आणि तीही थरथरत होती, त्यामुळे मला खरोखर भीती वाटली. हे मी आज कबूल करते.

"काड ते," काका म्हणाले.

"नाही काढणार. माझ्या हातावर बसलंय ते. डबीवरून हाच हात ओळखलात ना तुम्ही? मग मारा त्या हातावर."

"सात बग ना गो कसा झालाय."

"बघितला. मला तोच आवडला. तिथून पुढे तुम्ही दिसता मला. सहापर्यंत नुसतं काम दिसतं."

काकी दारात येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "मारायचं तं मारा. पन मग तिला डाक्टरकडं तुमीच घेऊन जा. माजा भात चुलीवर हाय."

काकांनी हातोडी खाली ठेवली. पाटावर बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला त्यांच्याकडे भिंगाशिवाय काही नव्हतं, म्हणून त्यांनी भिंग लावलं आणि माझं मनगट जवळ ओढून सातकडे बघत बसले. मी घड्याळ त्यांच्या कानाला लावलं. ते ऐकत राहिले. मी न सांगता श्वास धरला.

"रोज सा मिनटं मागं पडेल," शेवटी ते म्हणाले.

"मग पुढे करा ना. वेग कमी-जास्त करायची कळ असते ना आत?"

"असते."

"मग?"

"मागं पडलं नाय तं तू येशील कशाला?"

हातामुळे कळ नेमकी बसवता येत नव्हती म्हणून ते असं म्हणाले, की खरंच मुद्दाम ठेवलं होतं, ते मी विचारलं नाही. "आयतवारी दहाला ये," ते म्हणाले. "वेळ लावून देतो."

तो आठवडा मी मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि घड्याळ सांगेल तशी वागले. कंपनीत दोनदा लेट मार्क पडला, परचेसवाल्याशी नव्याने वाजलं, आईने फोन उशिरा आला म्हणून झापलं. सगळ्यांना मी मनगट दाखवलं. सात दाखवला. रविवारी आंघोळ करून, साडी नेसून, घड्याळात बघून निघाले आणि त्याच्या ठोक्याला दहा वाजता पामला पोचले.

काका पडवीत नव्हते. बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभे होते, शर्ट इस्त्रीचा, रस्त्याकडे डोळे लावून. मी स्कूटी लावली. त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"बेचाळीस मिनटं," ते म्हणाले. "उशीर केलास."